इंग्रजी वाक्यात ‘पेन’ हा शब्द बिनचूक कसा वापरावा

दुखणे सांगताना मराठी माणसाला नामाची गरज क्वचितच पडते. ‘डोकं दुखतंय’, ‘गुडघा दुखतो’, ‘पोटात दुखतंय’ असे आपण क्रियापदानेच बोलतो आणि दुखणारा अवयव बहुधा वाक्याचा कर्ता असतो. इंग्रजीत बोलायची वेळ आली की हीच घडण आपण उचलतो, ‘दुखणे’च्या जागी ‘पेन’ हा शब्द बसवतो आणि ‘माय लेग इज पेनिंग’ असे वाक्य तयार होते. भारतातल्या कोणत्याही डॉक्टरला ते कळते, कारण भारतीय इंग्रजीत ते चांगलेच रूढ झालेले आहे. तसे बोलणाऱ्याला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. मात्र इंग्रजीच्या परीक्षेत, कार्यालयीन अर्जात किंवा परदेशातल्या दवाखान्यात हेच वाक्य खटकते. शिवाय दुखण्याच्या बाबतीत प्रश्न केवळ व्याकरणाचा नसतो. कुठे दुखते, कधीपासून दुखते आणि कसे दुखते हे नेमके सांगता आले, तर डॉक्टरांचे निदानाचे काम सोपे होते. म्हणून या एका शब्दासाठी थोडा वेळ काढणे मला आवश्यक वाटते.

मूळ गोष्ट अशी की, आजच्या इंग्रजीत शरीराच्या दुखण्याविषयी बोलताना ‘पेन’ हे मुख्यतः नाम आहे. त्याचा अर्थ ‘वेदना’. ‘दुखणे’ या क्रियापदाचे काम ‘हर्ट’ हा शब्द करतो. त्यामुळे मनात मराठी वाक्य क्रियापदाने आले असेल, तर इंग्रजीतही सरळ क्रियापद वापरावे: ‘माय नी हर्ट्स’, ‘माय आईज हर्ट’. नाम वापरायचे असेल तर त्याला ‘हॅव’ची जोड द्यावी: ‘आय हॅव अ पेन इन माय नी’. आणि एका अवयवाविषयी न बोलता एकूणच फार त्रास होत आहे असे सांगायचे असेल तर ‘आय ॲम इन पेन’ म्हणावे. या तीन घडणी जिभेवर बसल्या की बहुतेक वेळ निभावून जाते.

‘पेन’ क्रियापद म्हणून अजिबातच चालत नाही, असे मात्र नाही. ‘माय नी इज पेनिंग मी’ हे वाक्य शब्दकोशांना मान्य आहे; त्यात शेवटी ‘मी’ म्हणजे ‘मला’ हे कर्म आहे, हे पाहावे. आपल्या वाक्यात नेमके तेच गळते. तरीही कर्म जोडलेले हे रूप आज थोडे जुनाट वाटते, आणि ‘इट पेन्स मी टू सी हिम लाइक धिस’ अशा वाक्यात, म्हणजे मनाला होणाऱ्या यातनांसाठी ते अधिक शोभते. शरीरासाठी ‘हर्ट’च पत्करावे, असे मी सांगेन.

‘हर्ट’ वापरताना कर्ता कोण आहे याकडे लक्ष द्यावे लागते, कारण कर्ता बदलला की अर्थ बदलतो. ‘माय लेग हर्ट्स’ म्हणजे माझा पाय दुखतो. ‘आय हर्ट माय लेग’ म्हणजे मी पाय दुखावून घेतला, मला इजा झाली. पहिल्या वाक्यावर डॉक्टर विचारतील, कधीपासून. दुसऱ्यावर विचारतील, पडलात कुठे. या क्रियापदाचे भूतकाळी रूप ‘हर्ट’ हेच राहते, ‘हर्टेड’ असा शब्द इंग्रजीत नाही. ‘व्हेअर डझ इट हर्ट?’ हा डॉक्टरांचा ठरलेला प्रश्न आहे आणि बोट ठेवून ‘इट हर्ट्स हिअर’ एवढे म्हटले तरी ते पूर्ण, शुद्ध उत्तर होते. दाबल्यावर दुखत असेल तर ‘इट हर्ट्स व्हेन आय प्रेस इट’, जिना चढताना दुखत असेल तर ‘इट हर्ट्स व्हेन आय क्लाइंब स्टेअर्स’ असे म्हणावे.

तिसरा शब्द ‘एक’. त्याचा उच्चार आपल्या एक या अंकासारखाच होतो, पण लिहिताना त्यात ‘सी’ आणि ‘एच’ येतात, त्यामुळे वाचताना अनेकजण ‘एच’ असा उच्चार करतात. पूर्वी या क्रियापदाचे स्पेलिंग ‘के’ घालून करत असत. हा शब्द ग्रीकमधून आला असावा, असा १७५५ साली इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश करणाऱ्या सॅम्युअल जॉन्सन यांचा समज होता, आणि मुख्यतः त्यांच्यामुळे आजचे स्पेलिंग पक्के झाले. अर्थाने हे दुखणे मंद, रेंगाळणारे असते: दिवसभर उभे राहिल्यावर पाय भरून येतात तेव्हा ‘माय लेग्ज आर एकिंग’ म्हणतात, आणि ताप येण्यापूर्वी अंग मोडून येते तेव्हा ‘आय ॲम एकिंग ऑल ओव्हर’.

हा ‘एक’ ठरावीक अवयवांनाच चिकटतो, हे सांगायचे बहुतेक ठिकाणी राहून जाते. हेडेक, टूथ-एक, स्टमक-एक, बॅक-एक आणि इअर-एक हे शब्द आहेत. पण ‘नी-एक’, ‘चेस्ट-एक’ किंवा ‘थ्रोट-एक’ कोणी म्हणत नाही. गुडघ्यासाठी ‘नी पेन’, छातीसाठी ‘चेस्ट पेन’ आणि घसा खवखवत असेल तर ‘सोअर थ्रोट’ म्हणतात. उलट डोकेदुखीला ‘हेड पेन’ म्हटले तर इंग्रजी कानाला ते परके वाटते. ‘हार्ट-एक’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ मनोव्यथा. छातीत कळ आली असताना हा शब्द वापरला तर ऐकणारा प्रियजनाच्या वियोगाचा विचार करील, हृदयाचा नाही. ‘हार्टबर्न’चाही हृदयाशी संबंध नाही, आम्ल वर आल्याने छातीत होणारी जळजळ, म्हणजे आपण ज्याला ॲसिडिटी म्हणतो तो त्रास, या शब्दाने सांगतात.

हेडेकच्या आधी ‘अ’ हवाच: ‘आय हॅव अ हेडेक’. इतर दुखण्यांच्या बाबतीत ब्रिटनमध्ये ‘आय हॅव टूथ-एक’ असे ‘अ’ न लावताही बोलतात, अमेरिकेत मात्र ‘अ टूथ-एक’च म्हणतात. दोन्हीकडे चालावे म्हणून सगळीकडे ‘अ’, आणि कानाच्या बाबतीत ‘ॲन’ लावावा. ‘आय ॲम हॅविंग हेडेक’ हे आपल्याकडचे वाक्य टाळावे. आत्ता दुखत असेल तर ‘हॅव’, आणि वरचेवर दुखत असेल तर ‘गेट’ हे क्रियापद अनेकवचनासह वापरावे: ‘आय गेट हेडेक्स’. ‘माझं डोकं दुखतंय’ आणि ‘माझं डोकं नेहमी दुखतं’ या दोन वाक्यांतला फरक ‘हॅव’ आणि ‘गेट’ दाखवतात. गोळी देऊन परत पाठवायचे की तपासण्या करायच्या, याचा विचार डॉक्टर काही अंशी याच फरकावरून करतात.

‘पेन’च्या आधी ‘अ’ केव्हा लावायचा हेही पाहू. विशिष्ट जागचे, वेगळे ओळखता येणारे दुखणे असेल तर ‘अ पेन’. नुसत्या वेदनेविषयी बोलायचे असेल तर ‘पेन’. आणि एकदा उल्लेख झालेल्या दुखण्याविषयी पुढे बोलताना ‘द पेन’. ‘आय हॅव अ पेन इन माय लेफ्ट शोल्डर. द पेन गेट्स वर्स ॲट नाइट.’ या दोन वाक्यांत ‘अ’ने दुखण्याची ओळख करून दिली आणि ‘द’ने तेच दुखणे पुढे नेले. वेदना मोजता येत नाही, म्हणून ‘मेनी पेन’ होत नाही; ‘अ लॉट ऑफ पेन’ म्हणावे. ‘खूप दुखतंय’ याचे ‘टू मच पेन’ असे रूपांतर आपल्याकडे सर्रास होते, पण ‘टू मच’ म्हणजे प्रमाणाबाहेर, सोसण्यापलीकडे. खूप दुखते एवढेच सांगायचे असेल तर ‘इट हर्ट्स अ लॉट’ पुरते. तीव्रतेसाठी ‘सिव्हिअर’, ‘बॅड’, ‘माइल्ड’ ही विशेषणे आहेत. ‘बिग पेन’ किंवा ‘हाय पेन’ कोणी म्हणत नाही.

आणखी एक विशेषण ‘पेनफुल’. ते दुखणाऱ्या वस्तूला लागते, माणसाला नाही. ‘माय नी इज पेनफुल’ बरोबर, ‘द इंजेक्शन वॉज पेनफुल’ बरोबर. पण ‘आय ॲम पेनफुल’ म्हटले तर मीच इतरांना वेदना देणारा आहे असा अर्थ निघतो.

आता ‘कधीपासून’ या प्रश्नाकडे वळू, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. मराठीत ‘सोमवारपासून दुखतंय’ आणि ‘दोन दिवसांपासून दुखतंय’ या दोन्ही वाक्यांत ‘पासून’ येते आणि क्रियापद वर्तमानकाळातच राहते. इंग्रजीत दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. दुखणे सुरू झाल्याचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ (सोमवार, सकाळ, पडल्यापासून), आणि किती काळ दुखते आहे ते सांगायचे असेल तर ‘फॉर’ (दोन दिवस, तीन आठवडे, बराच काळ). शिवाय तेव्हा सुरू होऊन आजवर चालू असलेली गोष्ट इंग्रजी साध्या वर्तमानकाळात सांगत नाही. म्हणून ‘आय हॅव पेन सिन्स टू डेज’ या वाक्यात दोन चुका आहेत, एक ‘सिन्स’ची आणि एक काळाची, शुद्ध वाक्य ‘आय हॅव हॅड धिस पेन फॉर टू डेज’. त्यात ‘हॅव’ आणि ‘हॅड’ एकापाठोपाठ येतात म्हणून ते चुकीचे वाटते, पण तेच बरोबर आहे. क्रियापदाने सांगायचे तर ‘माय बॅक हॅज बीन हर्टिंग सिन्स मंडे’. सतत दुखत असेल तर ‘इट इज कॉन्स्टंट’, राहून राहून दुखत असेल तर ‘इट कम्स अँड गोज’ असे पुढे जोडावे.

जागा सांगताना ‘पेन’नंतर ‘इन’ येते आणि अवयवाच्या आधी ‘माय’ येते: ‘अ पेन इन माय चेस्ट’. मराठीत आपण ‘छातीत दुखतंय’ म्हणतो, ‘माझ्या’ म्हणण्याची गरज भासत नाही, म्हणून इंग्रजीतही ते सुटते. ‘अ पेन इन द नेक’ असे ‘माय’ऐवजी ‘द’ घातले तर ते मानेचे दुखणे राहत नाही. त्रास देणाऱ्या माणसाला किंवा डोकेदुखी होऊन बसलेल्या कामाला उद्देशून वापरायचा तो वाक्प्रचार आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे अवयवांची नावे मराठी आणि इंग्रजीत तंतोतंत जुळत नाहीत. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंतचा. इंग्रजीतला ‘हँड’ फक्त मनगटापुढचा, आणि वरचा सगळा ‘आर्म’. हृदयविकाराच्या झटक्यात छातीतली वेदना अनेकदा डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरते. तेव्हा ‘द पेन इज स्प्रेडिंग टू माय लेफ्ट आर्म’ असे म्हणायला हवे, ‘हँड’ म्हटले तर केवळ पंजाचे चित्र उभे राहते. छातीवर दडपण आल्यासारखे, आवळल्यासारखे वाटत असेल आणि त्याला दुखणे म्हणावेसे वाटत नसेल, तर ‘पेन’ शब्दाचा आग्रह न धरता ‘देअर इज अ प्रेशर ऑन माय चेस्ट’ किंवा ‘माय चेस्ट फील्स टाइट’ असे सांगावे. अशा वेळी वाक्य जुळवत बसू नये, ‘चेस्ट पेन’ हे दोन शब्दही पुरेसे आहेत.

पायाचेही तसेच: घोट्याखाली ‘फूट’, वर ‘लेग’. कंबर या शब्दाने तर हमखास घोटाळा होतो. शब्दकोशात कंबरेसाठी ‘वेस्ट’ सापडते, पण ती पँट शिवताना मोजायची कंबर. दुखणाऱ्या कंबरेला ‘लोअर बॅक’ म्हणतात. पाठीमागच्या बाजूला आपण सहज ‘बॅकसाइड’ म्हणतो. इंग्रजीत त्याचा अर्थ ढुंगण असा होतो, म्हणून पाठीसाठी केवळ ‘बॅक’ म्हणावे. ‘स्टमक’ रोजच्या बोलण्यात पोटासाठी चालते, पण काटेकोर अर्थाने ते जठर असल्याने डॉक्टर ‘ॲब्डोमेन’ म्हणतात. ओटीपोटाला ‘लोअर ॲब्डोमेन’, बेंबीला ‘बेली बटन’. समजा, दुखणे बेंबीभोवती सुरू झाले आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकले, तर ते असे सांगावे: ‘इट स्टार्टेड अराउंड माय बेली बटन अँड हॅज मूव्ड टू द लोअर राइट साइड’. अपेंडिक्सला सूज आली की दुखणे बरेचदा याच वाटेने जाते, त्यामुळे ‘पोटात दुखतंय’ या मोघम वाक्यापेक्षा हे एक वाक्य डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगून जाते.

कसे दुखते हे सांगण्यात मराठी श्रीमंत आहे. ठणका, कळ, चमक, मुरडा, आग, सल हे सगळे शब्द आपण न अडखळता वापरतो, आणि इंग्रजीत आलो की एका ‘पेन’वर सगळा भार टाकतो. इंग्रजीतही या छटा आहेत. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत, आणि रुग्णाने आपल्याला लागू पडणारे शब्द त्यातून निवडायचे असतात. ते सगळे पाठ करण्याची गरज नाही. नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकणाऱ्या दाढेला ‘थ्रॉबिंग’, सुरी भोसकल्यासारख्या कळेला ‘स्टॅबिंग’, कंबरेतून पायात सरसर उतरणाऱ्या चमकेला ‘शूटिंग’, आग होत असेल तर ‘बर्निंग’, पोटात पिळवटून मुरडा येत असेल तर ‘क्रॅम्पिंग’, आणि मंद रेंगाळणाऱ्या दुखण्याला ‘डल’ हे शब्द पुरे आहेत. ते ‘पेन’च्या आधी बसवले की झाले: ‘आय हॅव अ शूटिंग पेन डाउन माय राइट लेग’. पोटरीत गोळा आला तर ‘आय हॅव अ क्रॅम्प इन माय काफ’. पायाला मुंग्या आल्या असतील तर ते ‘पेन’ नव्हे; त्याला ‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणतात, आणि बधिरपणाला ‘नम्बनेस’. प्रसूतीच्या कळांसाठी ‘लेबर पेन्स’ असे अनेकवचन येते. रुग्णालयात परिचारिका मात्र बहुधा ‘कॉन्ट्रॅक्शन्स’ हा शब्द वापरून ते किती मिनिटांनी येत आहेत असे विचारते.

परदेशात, आणि आता आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांतही, ‘ऑन अ स्केल ऑफ झिरो टू टेन, हाऊ बॅड इज द पेन?’ असे विचारतात. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही आणि दहा म्हणजे कल्पना करता येईल इतकी असह्य वेदना. ‘अबाउट सिक्स’ एवढे उत्तर चालते. सोसण्याची सवय असलेली आपली वडीलधारी माणसे, विशेषतः मुलांकडे परदेशी गेलेल्या आया, हा आकडा संकोचाने कमी सांगतात. तसे करू नये, कारण वेदनाशामक किती द्यायचे हे ठरवताना तो आकडाही पाहिला जातो. ‘कॅन आय हॅव समथिंग फॉर द पेन, प्लीज?’ ही मागणी पूर्णपणे सभ्य आहे.

उच्चाराबद्दल थोडेसे. देवनागरीत लेखणीचे ‘पेन’ आणि वेदनेचे ‘पेन’ सारखेच लिहिले जातात, पण इंग्रजीत लेखणीतला ‘ए’ आखूड आहे आणि वेदनेतला लांब, शेवटी किंचित ‘इ’कडे झुकणारा, साधारण ‘पेइन’सारखा. वेदनेचा ‘ए’ लांबवला की संदर्भाने गैरसमज होत नाही.

लॅटिनमधल्या शिक्षा या अर्थाच्या शब्दापासून ‘पेन’ आला आहे. ‘पेनल्टी’ त्याच कुळातला. जुना अर्थ ‘ऑन पेन ऑफ डेथ’, म्हणजे देहदंडाच्या धाकाने, अशा प्रयोगात टिकून आहे. ‘पेन्स’ या अनेकवचनाला मात्र परिश्रम असा वेगळा अर्थ आहे: ‘शी टुक ग्रेट पेन्स ओव्हर द रिपोर्ट’ म्हणजे तिने अहवालासाठी फार कष्ट घेतले. आपल्या ‘कष्ट’ शब्दातही त्रास आणि मेहनत असे दोन्ही अर्थ असल्यामुळे हे लक्षात ठेवणे मराठी माणसाला जड जाऊ नये. या अर्थाने एकवचन कधीच येत नाही, ‘टुक पेन’ म्हणू नये.

लेखी मजकुरात, विशेषतः शाळेच्या रजेच्या अर्जात, ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम स्टमक पेन’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ‘सफरिंग फ्रॉम’ हा शब्दप्रयोग मुदतीच्या किंवा गंभीर आजारासाठी राखून ठेवावा. एका दिवसाच्या पोटदुखीला तो फार जड होतो. त्याऐवजी ‘माय सन हॅज अ स्टमक-एक अँड विल नॉट बी एबल टू कम टू स्कूल टुडे’ असे साधे लिहावे. आईविषयी बोलताना ‘शी इज इन पेन’ किंवा ‘हर बॅक हर्ट्स’ म्हणावे. एकाच अवयवाविषयी बोलताना क्रियापदाच्या शेवटचा ‘स’ विसरू नये.

दुसऱ्या भेटीत, बरे वाटू लागल्यावर, ‘द पेन इज लेस’ म्हणणे अगदी चूक नाही, पण ‘द पेन इज बेटर’ किंवा ‘द पेन हॅज ईज्ड’ अधिक स्वाभाविक वाटते. पूर्ण थांबले असेल तर ‘द पेन हॅज गॉन’. आणि वेदना गेली तरी हात लावल्यावर थोडे हुळहुळत असेल तर ‘इट इज स्टिल अ बिट सोअर’ हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.